चेसी आधी, इंजिन नंतर
वाचकांचे प्रश्न : भंगारातल्या चेसीवर हॉट रॉड

या वेळी जुन्या चेसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीवर, हॉट रॉड उभी करण्याविषयी प्रश्न मागवले होते. खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांचा पहिलाच प्रश्न होता, 'इंजिन कोणतं टाकू?' आमच्या मते तो पाचवा-सहावा प्रश्न आहे. म्हणून उत्तरांचा क्रम आम्ही लावला आहे. गाडी ज्या क्रमाने उभी राहते, त्याच क्रमाने.

ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घ्यायची, मडगार्ड-बंपर काढून हलक्या करायची, इंजिनाचा जोर वाढवायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर पळवायची. त्या गाड्या म्हणजे हॉट रॉड. त्यात सगळ्यात मान १९३२ च्या फोर्डला. ती फोर्ड आपल्या भंगारात सापडत नाही. सापडते ती जीप.

धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडे जुन्या जीपची चेसी आहे. दोन्ही ॲक्सल (चाकांचे आस) लागलेले, इंजिन आणि बॉडी नाही. वजनावर द्यायला तयार आहे. घेऊ का? (पाचोरा)

आधी नंबर, मग वजन. चेसीवर ठोकलेला नंबर रॉकेल आणि तारेच्या ब्रशने स्वच्छ करून वाचा. ग्राइंडर लावू नका. ठोकलेले आकडे खोल नसतात, एका हातात पुसले जातात आणि मग खऱ्या मालकालाही काही सिद्ध करता येत नाही. तो नंबर नोंदणी पुस्तकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. विकणारा नोंदणीकृत मालक असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या घ्या. पुस्तकात बँकेचा बोजा दिसत असेल तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५ लागतो. कागद नसतील किंवा नोंदणी रद्द होऊन गाडी भंगारात निघालेली असेल, तर ते नुसतं लोखंड आहे. त्याची गाडी करून स्वतःच्या जागेत किंवा प्रदर्शनात ठेवता येईल, रस्त्यावर नाही. 'दुसऱ्या गाडीचा नंबर ठोकून देतो' असं कोणी म्हटलं तर तिथून निघा. तो गुन्हा आहे.

कागद ठीक असतील तर टेप काढा. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर जुन्या आखूड जीपला ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर असतं. महिंद्राच्या एमएम ५४० जीपला ९१ इंच. १९३२ च्या फोर्डला १०६ इंच होतं. दोन्ही चेसी उपलब्ध असतील तर ९१ वाली घ्या. आखूड गाडी वेगात चंचल होते, आणि लांब नाक असलेली बॉडी तिच्यावर नीट बसत नाही. चेसी कापून लांब करणं शक्य असतं, पण पहिल्याच गाडीला ते काम घेऊ नका.

मग गंज. आपल्याकडे जीप शेतात फिरलेली असते, आणि काळी माती चेसीच्या पोटात बसली की महिनोन् महिने ओल धरून ठेवते. केळीच्या पट्ट्यातल्या गाडीकडे तर जास्तच बारकाईने बघा. पोटॅशच्या गोण्या वाहिलेल्या असतात, आणि म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते मिठासारखंच लोखंड खातं. मागचा क्रॉस मेंबर (दोन लांब बाजूंना जोडणारा आडवा तुकडा), पाट्यांचे म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे हँगर, आणि जिथे पत्र्यावर पत्रा बसवलेला आहे त्या जागा टोकदार हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला किंवा टोक रुतलं तर तिथे खडूने खूण करा. गंज नसलेल्या जागी व्हर्नियरने जाडी मोजा. खराब जागी त्याच्या एक-चतुर्थांशाहून जास्त कमी भरली तर तो तुकडा कापून नवा घालावा लागेल. अशा दोन-तीन जागा असतील तर घ्या. दोन्ही बाजूंचे लांब मेंबर मधोमध खाल्लेले असतील तर सोडा, दुसरी चेसी मिळते.

आमचे मिस्त्री एक डोळा मिटून चेसीकडे बघतात आणि 'सरळ शे' म्हणतात. तेवढं पुरे का? (शिरपूर)

नाही. मिस्त्रींच्या डोळ्याला मोठा वाक दिसतो, आठ मिलिमीटरचा पीळ दिसत नाही. गाडी एका बाजूला ओढते ती या आठ मिलिमीटरनेच. पण मोजायला मोठं यंत्र लागत नाही. गवंड्याची पाण्याची नळी, ओळंबा, सुतळी, खडू आणि पोलादी टेप एवढ्यावर काम होतं.

दोन्ही ॲक्सल आणि पाटे काढा. चेसी सिमेंटच्या जमिनीवर चार घोड्यांवर (टेकूंवर) ठेवा. पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या बोल्टांची छिद्रं हे तुमचे मोजायचे बिंदू. चेसीच्या टोकावरून मोजू नका, टोकं ठोकर खाऊन दुमडलेली असतात. पाण्याच्या नळीने तीन कोपऱ्यांचे बिंदू एका पातळीत आणा, घोड्याखाली पत्र्याचे तुकडे सारून. चौथा कोपरा जितका वर किंवा खाली राहील तितका चेसीत पीळ आहे.

आता प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. उजवी-डावी अशा चार जोड्या तरी हव्यात. चेसी बाजूला सरकवा आणि जमिनीवरचा नकाशा मोजा. पुढच्या डाव्या बिंदूपासून मागच्या उजव्यापर्यंत एक कर्ण, उलट दुसरा. कर्ण सारखे नसतील तर एक बाजू पुढे सरकली आहे, चौकटीचा पतंग झाला आहे. मग प्रत्येक जोडीचा मध्य काढून सुतळी ताणा. सगळे मध्य एका सुतळीवर आले पाहिजेत. पुढचा मध्य बाहेर गेला असेल तर गाडीने कोपऱ्यावर धडक खाल्लेली आहे. तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. सहाच्या वर गेला की सरळ केल्याशिवाय पुढचं काम नाही.

सरळ करताना जॅक, साखळी आणि सबुरी. चेसी थंडच ओढायची, लागेल त्याहून थोडी जास्त, कारण सोडल्यावर ती परत येते. गॅसने लाल करून ठोकण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. तापवलेली जागा निवताना आकसते आणि आज सरळ दिसलेली चेसी उद्या भलतीकडे ओढलेली सापडते.

एक राहिलं. रिव्हेटच्या डोक्याखालून लाल गंजाचा ओघळ दिसला तर तो रिव्हेट सैल आहे. डोकं घासून पंचाने बाहेर काढा, छिद्र रीमरने गोल करा आणि घट्ट बसणारा ८.८ ग्रेडचा बोल्ट नायलॉक नटासह घाला.

मागच्या पाट्याच्या हँगरपाशी चीर आहे. वेल्डर म्हणतो वरून एक रॉड फिरवून देतो. शिवाय चेसी बॉक्स करायची आहे, कशी करावी? (रावेर)

वरून रॉड फिरवलेली चीर आत तशीच राहते आणि वेल्डच्या कडेने पुन्हा फुटते. चिरीचं खरं टोक डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे असतं. ते शोधायला डाय पेनिट्रंटचे तीन डबे मिळतात. जागा क्लीनरने पुसा, लाल डाय मारून पंधरा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. चीर लाल रेघेसारखी उमटते. टोकाला तीन मिलिमीटरचं छिद्र पाडा म्हणजे ती पुढे धावणार नाही. चिरीच्या पूर्ण खोलीपर्यंत व्ही आकाराची खाच काढा, भरा, घासून सपाट करा. मग वर पट्टी. पट्टी चौकोनी कापू नका. दोन्ही टोकं तिरकी, माशाच्या शेपटीसारखी ठेवा. चेसीला सरळ उभी वेल्डची रेघ बसली की सगळा ताण तिथेच साठतो आणि वर्षभरात नवी चीर तिथे दिसते. चेसीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला छिद्र पाडू नका, तिच्या कडेवर आडवा वेल्ड टाकू नका. वाकण्याचा जोर त्याच दोन पट्ट्यांवर सर्वांत जास्त असतो. छिद्र हवंच असेल तर उभ्या भागाच्या मधोमध.

बॉक्सिंग म्हणजे उघड्या सी आकाराच्या मेंबरची उघडी बाजू पट्टीने बंद करणं. यामुळे पिळाविरुद्धची ताकद अनेक पटींनी वाढते, म्हणून जोरदार इंजिन घालणार असाल तर ते कराच. तीन मिलिमीटरची माइल्ड स्टीलची पट्टी पुरते, पण आधी पुठ्ठ्याचा साचा कापा. क्रॉस मेंबर काढायच्या आधी चेसीच्या आत तात्पुरते आडवे-तिरके अँगल टाचून घ्या. सलग वेल्ड मारू नका. पन्नास मिलिमीटर मारा, विरुद्ध बाजूला जा, परत या. उष्णता एका जागी साठली की सरळ केलेली चेसी केळ्यासारखी वाकते. मिग (तारेचं वेल्डिंग) असेल तर ०.८ मिलिमीटरची ईआर ७०एस-६ तार. आर्क असेल तर ७०१८ चा रॉड, पण तो भट्टीत भाजून कोरडा केलेला. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला ७०१८ म्हणजे वेल्डमध्ये हायड्रोजन आणि नंतर चिरा.

बंद करायच्या आधी आतलं सगळं उरकून घ्या. ब्रेकची पाइप कुठून जाणार, इंजिनाचे माउंट कुठे बसणार, त्या जागी नट किंवा नळीचे तुकडे आधीच वेल्ड करा. तळाला बारा मिलिमीटरची पाणी निघायची छिद्रं ठेवा. ती विसरली तर बॉक्स केलेली चेसी आतून गंजते आणि बाहेरून कळत नाही.

क्रॉस मेंबरला ठिबकच्या कामातून उरलेला जीआय (जस्त चढवलेला) पाइप वापरला तर? (अमळनेर)

वापरू नका. जस्ताच्या धुराने ताप भरतो, आणि वेल्डमध्ये जस्ताची वाफ अडकून तो स्पंजासारखा सच्छिद्र होतो. पाणी वाहायचा पाइप भार पेलण्यासाठी बनवलेला नसतो. सीमलेस नळी किंवा तीन-चार मिलिमीटरची चौकोनी हॉलो सेक्शन आणा.

ॲम्बेसेडर भंगारात सहज मिळते. तिची चेसी चालेल का? (भुसावळ)

तिला वेगळी चेसी नाहीच. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी दोन्हींची बॉडी हीच त्यांची चौकट आहे. बॉडी कापली की हातात काही उरत नाही. ॲम्बेसेडर घ्या ती इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी.

पुढून गाडी खाली बसवली. दिसते सुंदर, पण चाळीसच्या वर गेलं की स्टिअरिंग थडथडतं. (शहादा)

जवळपास नक्की कारण कॅस्टर. किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचं, वरचं टोक थोडं मागे कललेलं असतं, म्हणून चाक आपोआप सरळ राहू बघतं. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. जुन्या जीपला हा कल ३ अंश असतो. तुम्ही मागचं तसंच ठेवून फक्त पुढून उतरवलंत, तर सगळी चेसीच पुढे झुकते आणि तेवढा कल कमी होतो. हिशोब सोपा आहे : २०३२ मिलिमीटरच्या चेसीवर पुढून ७१ मिलिमीटर उतरवलं की २ अंश गेले. उरला एक. सरळ ॲक्सलच्या हॉट रॉडला ५ ते ७ अंश लागतात.

पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर घाला. जीपमध्ये ॲक्सल पाट्याच्या वर बसतो, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे. तेव्हाच किंगपिनचं डोकं मागे जातं. उलटी घातली तर थडथड दुप्पट होईल. पाचर सेंटर बोल्टमध्ये अडकलेली हवी, आणि यू-बोल्ट नवे घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. हे करण्याआधी किंगपिन बेअरिंग, टाय रॉडची टोकं आणि पाट्यांचे बुश हलवून बघा. ते झिजलेले असतील तर नुसत्या कॅस्टरने गाडी बरी होणार नाही.

खाली बसवायची रीतही बघा. पाटे काढून टाकत गेलं तर ब्रेक मारताना ॲक्सल मुरडतो. त्यापेक्षा मुख्य पाट्याचा डोळा उलटा वळवून घेतला तर गाडी साधारण दीड इंच खाली येते आणि पाट्यांची ताकद तशीच राहते. ॲक्सल आणि चेसी यांच्यात पंच्याहत्तर मिलिमीटरची मोकळी जागा आणि रबरी बफर ठेवा.

आता इंजिन! पेट्रोल की डिझेल? आणि मे महिन्यात तापणार नाही ना? (चाळीसगाव)

आमचं मत पेट्रोल. जीपचं प्यूजो डिझेल टिकाऊ आहे, पण जड आहे आणि त्याची थरथर उघड्या गाडीत सोसत नाही. ॲम्बेसेडरचं १.८ इसुझू अनेक जीपमध्ये बसलेलं आहे, सुटे भाग मिळतात. त्याची ताकद साधारण ७५ हॉर्सपॉवर. ज्या फोर्ड व्ही-८ मुळे हॉट रॉडचा सगळा खेळ सुरू झाला, तिची १९३२ मध्ये ६५ होती. तेव्हा ताकदीची काळजी सोडा, गाडी हलकी ठेवा.

इंजिन बसवायचं ते गाडी तिच्या शेवटच्या टायरांवर, शेवटच्या उंचीवर उभी राहिल्यावर आणि बॉडी तात्पुरती ठेवून. माउंट आधी फक्त टाचा. मग ऑइल फिल्टर हाताने निघतो का, स्टार्टर काढता येतो का, स्टिअरिंग बॉक्सला सायलेन्सरचा पाइप घासतो का, ॲक्सल पूर्ण वर आला तर सम्पला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला) पन्नास मिलिमीटर जागा उरते का, हे सगळं बघून मगच पक्कं वेल्ड. माउंट रबरीच हवेत.

गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफ्रन्शियलचा (ॲक्सलवरच्या गिअरच्या पेटीचा) पिनियन बाजूने बघताना समांतर ठेवा, फरक एका अंशाच्या आत. मधल्या शाफ्टच्या टोकांच्या प्रत्येक सांध्यावर, म्हणजे क्रॉसवर, एक ते तीन अंशांचा कोन असावा. शून्य ठेवला तर क्रॉसच्या सुया एकाच जागी घासून खड्डा पाडतात. आणि लक्षात असू द्या, जीपचा डिफ्रन्शियल मधोमध नसतो, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीला) जुळेल असा एका बाजूला असतो. ट्रान्सफर केस काढून साधा गिअरबॉक्स लावला की शाफ्ट आडवाही तिरका धावतो आणि गाडी पन्नासला गुरगुरू लागते. अशा वेळी मधोमध डिफ्रन्शियल असलेला मागचा ॲक्सल शोधा.

तापण्याचं म्हणाल तर जळगाव-भुसावळचा ४५ अंशांचा मे गृहीत धरूनच रेडिएटर निवडा. बॉनेट नसलेली गाडी थंड राहते हा समज चुकीचा आहे. उभ्या गाडीत हवा ओढायला पंख्याभोवती श्राउड, म्हणजे कडं, लागतो, नाहीतर पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. पात्यांची निम्मी रुंदी श्राउडच्या आत, निम्मी बाहेर. प्रेशर कॅप चांगली लावा. दर एक पीएसआय दाबाने पाण्याचा उत्कलनबिंदू दीड अंशाहून जास्त वर जातो. बोअरचं पाणी घालू नका. आपल्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे.

इंजिन आणि चेसी यांच्यात जाड अर्थ पट्टी लावायला विसरू नका. रबरी माउंटमुळे करंटला वाट राहत नाही आणि तो ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. केबल जळते किंवा अडकते.

जीपचे मूळचे ब्रेक ठेवले तर चालतील का? (नंदुरबार)

जोर वाढवलात तर नाही. जुन्या मास्टर सिलिंडरला एकच सर्किट असतं. एका चाकाची रबरी नळी फुटली की चारही ब्रेक गेले. दोन सर्किटचा टँडम मास्टर सिलिंडर घाला. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसेल तर पॅडलचं गुणोत्तर सहास एक ठेवा. मास्टर सिलिंडर पायाखाली, चाकांच्या सिलिंडरांपेक्षा खाली बसवला असेल तर तेल मागे वाहून येतं आणि पहिलं पॅडल पोकळ जातं. त्यासाठी नळीत थोडा दाब राखणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो, डिस्कला २ पीएसआयचा आणि ड्रमला १० चा.

पाइप पोलादी बंडी ट्यूबचाच, टोकं डबल फ्लेअर, म्हणजे दुहेरी दुमडून पसरवलेली. फ्रिजचा तांब्याचा पाइप मऊ असतो म्हणून वाकवायला बरा वाटतो, पण थरथरीने कडक होऊन तडकतो. तो ब्रेकला कधीही नाही. पैसे वाचत असले तरी इथे नको.

अशी गाडी पासिंग होईल का? व्हिंटेजमध्ये बसेल का? (जळगाव)

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून इंजिन विकत घेण्याआधी आपल्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्या. मग ते जळगावचं एमएच १९ असो, धुळ्याचं १८ असो की नंदुरबारचं ३९. 'आधी करून घेऊ, मग बघू' यात गाडी कायमची अडकते.

व्हिंटेजचे नियम २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी, नंबरात 'व्हीए', नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण चेसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा ही अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. हॉट रॉड त्यात बसत नाही. तुमच्या चेसीला मूळ इंजिन, मूळ कागद आणि पन्नास वर्षं असतील, तर ती कापण्याआधी थांबून विचार करा. तशी जीप आता पुन्हा बनणार नाही, आणि हॉट रॉडसाठी मोडकी चेसी दुसरी मिळेल.

चेसीला पावडर कोटिंग करू की रंग? (दोंडाईचा)

रंग. पावडर कोटिंग जाड असतं, त्याखाली चीर लपते. इपॉक्सी प्रायमरवर पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) पातळ थर दिला की फुटलेली जागा गंजाच्या रेघेने लगेच दिसते. सगळी कच्ची जुळवणी करून, गाडी पूर्ण सुटी करूनच सँड ब्लास्टिंगला न्या, आणि ब्लास्टिंग झाल्यावर चार तासांच्या आत प्रायमरचा पहिला हात मारा. पावसाळ्यात तेवढाही वेळ देऊ नका, उघडं लोखंड डोळ्यांदेखत पिवळं पडतं. उन्हाळ्यात काम सकाळी नऊच्या आत आटपा. तापलेल्या लोखंडावर थिनर क्षणात उडतो आणि रंग खरबरीत बसतो. बॉक्स केलेल्या भागात लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) सोडा आणि तळाच्या बारा मिलिमीटरच्या सगळ्या छिद्रांतून ते ठिबकेपर्यंत थांबा. ठिबकलं म्हणजे ते आत सगळीकडे पोचलं.